कपाट जागेवरच आहे

तीर्थरूप आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (मनातल्या मनात, कारण उजवा गुडघा अजून वाकत नाही).

पत्र पाहून तू आधी दचकशील. आपल्याकडे पत्र आलं म्हणजे काहीतरी झालंच, असा तुझा जुना समज आहे. तर काहीही झालेलं नाही. आम्ही ठणठणीत आहोत, घर जागेवर आहे, कपाट जागेवरच आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे एक, आणि काही गोष्टी मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकून घ्याव्या लागतात हे दुसरं. तुझी कंबर कशी आहे? धाकट्या भावाकडच्या थंड हवेत दुखत असेल तर तिथल्या तिथे सांगत जा. तू तिकडे हूं की चूं करत नाहीस, मला सांगतेस, मी त्याच्या बायकोला फोन करतो, आणि मग तू तिला म्हणतेस, मी कुठे काय म्हणाले, पुठ्ठ्याला उगाच वाटतं. (एकसष्ट वर्षांच्या माणसाला पुठ्ठ्या म्हणणारी आता तू एकटीच उरलीस, तेव्हा म्हणत राहा.) चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. डावीकडे एवढा रुंद समास सोडलाय, ती कागदाची उधळपट्टी नव्हे. पस्तीस वर्षं बाइंडिंग केल्यावर शिवणीला जागा सोडल्याशिवाय हात चालतच नाही.

आता मुख्य बातमी. येत्या गुरुवारी सकाळी अकराला हिची परीक्षा आहे. तुझी भावजय वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बी. ए. होते आहे हे धाकट्याने तुला सांगितलंच असेल. लेखी पेपर सगळे झाले, मार्क असे की मी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, विचारलेलं नसलं तरी. राहिली आहे ती राज्यशास्त्राची तोंडी परीक्षा. (हिची तोंडी परीक्षा घ्यायची म्हणजे माशाला पोहायला लावायचं, असं मी सहज म्हणालो आणि दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः केला.) ही परीक्षा लॅपटॉपवर होते. तिकडे तीन परीक्षक बसणार, इकडे ही. नियम कडक आहेत: दार बंद असलेली खोली हवी, खोलीत दुसरं माणूस नको, आणि बोलता बोलता संपर्क तीनदा तुटला की गैरहजर. मग पुढच्या वर्षी. आता, 'पुढच्या वर्षी' हे शब्द हिने चौतीस वर्षं ऐकले आहेत, तेव्हा ते पुन्हा एकदा ऐकायला लागू नयेत एवढीच माझी धडपड आहे.

ते जुनं प्रकरण मी काढत नाही. बाबा अंथरुणाला खिळले होते, आमची थोरली तान्ही होती, हिचं कॉलेज त्या वर्षी जमण्यासारखं नव्हतंच, आणि नंतर तू म्हणालीस की हिची पुस्तकं रद्दीत दिली. घरात जागा तरी कुठे होती? ही त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही. फक्त रस्त्यावर रद्दीवाल्याची हाक आली की ती उठून मागच्या खोलीत जाते. काढत नाही म्हणता म्हणता काढलंच, तर माफ कर आणि पुढे वाच.

तर अडचण अशी की नेट येतं पुढच्या खोलीत, आणि परीक्षा आहे मागच्या खोलीत. घर तुझ्या पायाखालचं आहे, तुला काय सांगायचं, पण पुढचं नीट कळावं म्हणून पाढा म्हणतो. पुढे रस्त्यावर उघडणारं माझं दुकान. त्याला शटर आहे, दार नाही, त्यामुळे परीक्षेला ते बाद. मध्ये मधली खोली. मागे मागची खोली, जिचं दार लागतं. दुकान आणि मधली खोली यांच्यामधली भिंत हातभर जाड, आणि त्या भिंतीत जे जुनं दार होतं त्याला फळ्या मारून आपण तिथे तुझं लोखंडी कपाट उभं केलं, तेव्हापासून आपण सगळे बाजूच्या बोळातून ये-जा करतो. नेटची वायर खांबावरून दुकानात येते आणि एका डबीत शिरते. कंपनीचे लोक तिला मोडेम म्हणतात (नावातच मोड आहे, तिथे काय टिकणार). डबीतून पुढे सगळं हवेतून. लॅपटॉप धाकट्याच्या लेकीने दिलेला, सोळा पानी पुस्तिकेपेक्षा जरासा जाड, त्याला वायर खुपसायला भोकच नाही. आणि मागच्या खोलीत मोबाइलची रेंज कधीच नव्हती. तू नाही का बोळात उभी राहून बोलायचीस आणि अख्ख्या गल्लीला आपल्या घरचं कळायचं.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात चार दांड्या असतात. चारही दिसल्या तर नेट जोरात आहे असं समजायचं. मागच्या खोलीत यांतल्या तीन दांड्या कायम दांडी मारतात, आणि चौथी शाळेतल्या हुशार मुलासारखी एकटी बसलेली असते, तीही कंटाळून मधूनच निघून जाते. पंधरा दिवसांपूर्वी परीक्षेच्या केंद्राने रंगीत तालीम घेतली. हिने चांगली साडी नेसली, वही बाजूला ठेवली, समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, हिने उत्तराला तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. सहा मिनिटं. त्या बाई सहा मिनिटं हिच्या उघड्या तोंडाकडे बघत होत्या, आणि संपर्क आल्यावर म्हणाल्या, तुम्ही विचार फार खोल करता. ही हसली, पण रात्री जेवली नाही. म्हणून मी हे काम हाती घेतलं.

पहिला सल्ला मिळाला की डबी उंचावर ठेवा. मी ती पुस्तकं दाबायच्या प्रेसवर ठेवली, मग प्रेसवर वह्यांचा गठ्ठा आणि त्यावर डबी, मग माळ्यावर. माळ्यावर ती धुळीत उघडीवाघडी पडलेली मला बघवेना. आक्का, आयुष्यभर मी उघड्या कागदांना कपडे घातले आहेत. तेव्हा मी त्या डबीला छान बाइंडिंग केलं. जाड पुठ्ठा, गडद हिरवं कापड, कोपरे काळे, पाठीवर सोनेरी रेघ. दोन दिवस खपून केलं आणि मनासारखं झालं. डबी आत गुदमरून इतकी तापली की सरस वितळला, आणि चौथी दांडीही घर सोडून गेली. हिने ते कव्हर फाडू दिलं नाही, त्यात आता ती बिलं ठेवते.

दुसरा सल्ला असा की डबीच्या मागे चकचकीत पत्रा उभा करा, म्हणजे लाटा त्यावर आपटून हव्या त्या दिशेला जातात. मी मोठ्या पातेल्याचं झाकण लावलं. मागच्या खोलीत काही फरक पडेना म्हणून दर अर्ध्या तासाने झाकण थोडं थोडं फिरवत होतो. संध्याकाळी रस्त्यापलीकडचा शिंपी स्वतः दुकानात आला, हात हातात घेतला आणि म्हणाला, तुम्ही आज जे काही केलंत ते बदलू नका, माझी बायको दुपारपासून आनंदात आहे. (मागे कधीतरी त्याला आपला पासवर्ड मीच दिला होता. कधी आणि का, ते हिने विचारलं. मी झाकण पुसायला घेतलं.) दिशा चुकली होती, एवढंच. पण शिंप्याकडे चार दांड्या पोचतात म्हणजे डबी चांगली आहे, खोट आमच्याच घरात कुठेतरी आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

तिसऱ्या प्रकारात मात्र एक माणूस दुखावला गेला. आपल्या शेजारचा ड्रायव्हर तुला ठाऊक आहे: बत्तीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही, हे तो कुणालाही भेटल्यावर तिसऱ्या मिनिटाला सांगतो. निवृत्त झाल्यापासून त्याला गाडी नाही, म्हणून तो आमचा लॅपटॉप चालवायला येऊन बसतो. मी कंपनीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला, तिकडून एका मुलीने गोड आवाजात दहा प्रश्न विचारले, हे दाबा ते दाबा केलं आणि म्हणाली, "काका, सापडलं. तुमचा ड्रायव्हर फार जुना झालाय. त्याच्यामुळेच सगळं इतकं सावकाश चाललंय. त्याला काढून टाका आणि नवीन घ्या." ड्रायव्हरने हातातला कप खाली ठेवला. मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "जुनाच ठेवलात तर आज ना उद्या क्रॅश होणार." ड्रायव्हर उठला, "एक ओरखडा नाही," एवढंच म्हणाला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. लॅपटॉपच्या आत एक प्रोग्रॅम असतो, त्याला तसं म्हणतात, हे मी त्याला कुंपणावरून तीनदा समजावलं. त्याने विचारलं, मग कंडक्टर कुठे असतो? नवा ड्रायव्हर टाकून एका दांडीची दीड झाली, आणि शेजारचा बोलायचा बंद झाला.

चौथा सल्ला रेंज पुढे ढकलणाऱ्या एका यंत्राचा होता. ते म्हणे घराच्या मधोमध प्लगमध्ये खोचायचं. ते आणलं. पण मधल्या खोलीत प्लग एकच आहे आणि तो कुठे आहे हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुझ्या कपाटाच्या मागे, त्या बंद दाराच्या चौकटीला लागून. मी यंत्र परत केलं. कपाटाला हात लावला नाही, हे विशेष लक्षात घे.

शेवटी म्हटलं, हे काम शास्त्रशुद्ध करू. एक हजेरीपट बांधला (शंभर पानी, आडव्या रेघा), आणि लॅपटॉप कडेवर घेऊन घरभर हिंडत प्रत्येक ठिकाणी, खाली धरून आणि वर धरून, किती दांड्या हजर आहेत ते लिहिलं. बोळात तीन. न्हाणीघरात दोन. मधल्या खोलीत कडेला दोन, मध्यभागी शून्य. मागच्या खोलीत खिडकीशी दीड, टेबलाशी शून्य ते एक. मग या आकड्यांचा नकाशा काढला. शून्यं जोडत गेलो तर कागदावर एक आकृती तयार झाली: उभी, चौकोनी, साडेसहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि हिला सांगितलं की नकाशा नीट आला नाही. त्या आकृतीचा आणि तुझ्या कपाटाचा काहीही संबंध आहे असं मी म्हटलेलं नाही, म्हणणार नाही. लोखंडातून लाटा जात नाहीत असं पुस्तकात असेल, पण पुस्तकात काय, काहीही असतं.

जाताना तू कुलूप लावलंस, किल्ली गळ्यात घातलीस आणि म्हणालीस, कपाट हलवायचं नाही, उघडायचं तर नाहीच. आम्ही दोन वर्षं पाळलं. तू इथे असताना रोज दुपारी मधल्या खोलीचं दार लोटून दोन-दोन तास ते आवरायचीस, आणि आम्ही दोघं बाहेर कुजबुजायचो की एवढं आवरायला त्यात आहे तरी काय. ही म्हणायची, दागिने असतील. मी म्हणायचो, आक्काकडे दागिने असते तर तिने आम्हा भावांना मोठं करताना कधीच विकले असते. असो. तर गुरुवारी अकरा वाजता आमची आठवण काढ, तुझा हात लांबूनच हिच्या डोक्यावर ठेव, आणि कंबरेला शेक घे. इकडची काळजी करू नकोस, जे व्हायचं ते होईल.

तुझा,
पुठ्ठ्या

ता. क. तू पत्र घडी घालायच्या आत खरं सांगतो. आक्का, कपाटाची किल्ली पाठव. नकाशा खोटं बोलत नाही. फळ्या मारलेलं ते दारच तेवढं पातळ आहे, लाटा तिथूनच येऊ शकतात आणि तिथेच तुझं कपाट उभं आहे. भरलेलं कपाट हलत नाही. मी आणि शिंपी मिळून फक्त अंदाज घेतला, ते जागचं हललं नाही आणि शिंप्याची पाठ भरली. रिकामं केलं तर हलेल. मी डोळ्यांना फडकं बांधून रिकामं करतो, ही बोळात उभी राहील, सगळं चादरीत गुंडाळतो आणि शुक्रवारी जसंच्या तसं परत ठेवतो. उभ्या जन्मात तुझ्याकडे ही एकच गोष्ट कुणी मागितली नव्हती, ती मी आज मागतो आहे. रागावू नकोस.

ता. क. दुसरा, बुधवार. हे पत्र शनिवारपासून माझ्या खिशात आहे. तीनदा पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. आता किल्ली यायला वेळच उरला नाही, तेव्हा दोष माझा आहे हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं.

आज सकाळी ही ड्रायव्हरकडे गेली. माझ्यासारखं समजावत बसली नाही, दारात उभी राहून म्हणाली, भावजी, तुमच्याशिवाय ही गाडी निघायची नाही. तो चप्पल घालून तसाच आला. कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, चिखलात रुतलेली बस समोरून ढकलायची नसते. मग त्याने पायांखाली साबण लावलेल्या फळ्या सरकवल्या, माझ्या प्रेसचा लोखंडी दांडा तरफेला घेतला, मला एका कोपऱ्यावर ठेवून बजावलं की मी म्हणेपर्यंत हात काढायचा नाही, आणि तुझं भरलेलं कपाट इंचाइंचाने अडीच फूट डावीकडे नेलं. भिंतीला एक ओरखडा नाही. ही मागच्या खोलीतून मोठ्याने दांड्या मोजत होती. एक. दोन. मग चार म्हणाली, आणि तिचा आवाज वेगळाच लागला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चाळीस वर्षं भिंतीला टेकून राहिल्याने कपाटाचा मागचा पत्रा गंजला होता. खालचे रिव्हेट सुटले आणि पत्रा पाकिटाच्या झाकणासारखा वर उचलला गेला. मी लगेच डोळे मिटले, शपथेवर सांगतो. पण कान कसे मिटणार? आतून काहीतरी घसरून पडलं, आणि पुस्तक पडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. पाठोपाठ दुसरं, तिसरं. डोळे उघडले तर समोर निळं कापड, काळे कोपरे, आणि एका पुस्तकाची पाठ जराशी तिरकी शिवलेली. ती शिवण माझी आहे, आक्का.

मला सगळं आठवलं. दर दोन-तीन वर्षांनी तू एखादं खिळखिळं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवायचीस. एका गिऱ्हाइकाचं आहे, पाठीवर नाव घालू नको, म्हणायचीस. पहिलं पान आधीच पुठ्ठ्याला चिकटवलेलं असायचं, आणि मी म्हणायचो, काय गिऱ्हाईक आहे, अर्धं काम स्वतःच करतं आणि तेही वाकडं. आम्ही बाइंडर पुस्तकाची पाठ बघतो, पोट बघत नाही; उघडून वाचत बसलो तर दिवसाला एक वही व्हायची नाही. एकूण अकरा पुस्तकं. तिरक्या शिवणीपासून गेल्या दहा वर्षांतल्या सरळ शिवणीपर्यंत माझी सगळी कारागिरी तुझ्या कपाटात ओळीने लावलेली आहे. आज पहिल्यांदा मी एका पुस्तकाचं चिकटवलेलं पान वाफेवर सोडवलं. आत हिचं माहेरचं नाव, तिच्या कॉलेजच्या अक्षरात.

आणि समासात तू. प्रत्येक पानावर पेन्सिलीने तू. 'हे पुन्हा वाचणे.' 'हे कळले नाही, पान नव्वदवर कळते.' 'खोटे.' 'लिहिणाऱ्याने घर चालवलेले दिसत नाही.' तुझी सातवी आमच्यापायी सुटली हे मला कायम ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. मी जमिनीवर बसून वाचत राहिलो आणि मला रडू आलं, ते लपवत नाही. दोन-तीन ठिकाणी तुझं वाक्य अर्ध्यावर तुटलं आहे, कारण कडा सरळ कापताना मी समासच कापून टाकला. पस्तीस वर्षांतलं माझं सगळ्यांत वाईट काम ते.

ता. क. तिसरा, गुरुवार दुपार. परीक्षा झाली. ड्रायव्हर बोळाच्या तोंडाशी उभा होता, वाहतूक वळवत होता. शिंप्याने तासभर आमचं नेट वापरायचं बंद ठेवलं. मी डबीपाशी बसलो होतो. संपर्क एकूण एकदाच तुटला. डबीवर धूळ दिसली म्हणून मी ती फडक्याने पुसायला गेलो तेव्हा. बाकीचं हिच्या अक्षरात वाच, मला ती सांगायला तयार नाही.

आक्का, नमस्कार. मी लिहिते आहे. पुस्तकं काल संध्याकाळी मीच जमिनीवरून उचलली, पुसली आणि रात्री तुमच्या समासांसकट वाचत बसले. तुम्ही ती रद्दीत दिली म्हणालात, याचा मला राग होता; पहिली अकरा वर्षं चांगला होता, मग कंटाळा आला. तेव्हा घर अडलं होतं, हे मलाही दिसत होतं. पण एवढं सांगा, इतकी वर्षं आपण दोघी एकाच ओट्याशी उभ्या होतो, मी भाजी चिरत होते, तुम्ही कणीक मळत होता, आणि दोघींच्या डोक्यात तेच पुस्तक होतं. मला हाक का मारली नाहीत? दुपारी दोघींनी मिळून आवरलं असतं ते कपाट.

आज मधल्या परीक्षकांनी विचारलं, सत्ता आणि अधिकार यांत फरक काय. व्याख्या मला पाठ होत्या. पण तोंडातून आलं ते पान एकशे बाराच्या समासातलं: 'सत्ता म्हणजे किल्ली हातात असणे. अधिकार म्हणजे ती कुठे आहे हे सगळ्या घराला माहीत असून कुणी न मागणे.' तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं नेट गेलं. मग त्या मधल्या बाईंनी विचारलं, हे कुणाचं मत? मी म्हटलं, माझ्या नणंदेचं. त्यांनी ते लिहून घेतलं. निकाल तिथेच सांगितला. पास झाले आहे, चांगली पास झाले आहे. पुढच्या सत्राच्या फॉर्मसाठी शाळेचा दाखला लागत नाही, आधी एक लहानशी परीक्षा घेतात. एक फॉर्म तुमच्यासाठी आणून ठेवला आहे. पेन्सिलीने भरलेला चालत नाही, शाईने भरावा लागतो, म्हणून इथे बसूनच भरा. मागच्या खोलीत आता चार दांड्या येतात.

ता. क. शेवटचा. किल्ली पाठवू नकोस, घेऊन ये. मागचा पत्रा ड्रायव्हरने ठोकून बसवला आहे, पुस्तकं आत आहेत, कुलूप तसंच आहे आणि कपाट जागेवरच आहे, जागा तेवढी अडीच फूट सरकली आहे. यायला जमत नाही असं म्हणायचं असेल, किंवा यात काही खोटं वाटत असेल, तर याच पत्राच्या समासात लिहून परत पाठव. जागा भरपूर सोडली आहे, आणि या वेळी मी कापणार नाही.